सूचना पाठवून काही होतं का?

लातूरहून एका मुलीने विचारलं आहे: "मी २० वर्षांची, बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला. मतदान केलं. मायगव्हवर (केंद्र सरकारच्या लोकसहभागाच्या वेबसाइटवर) तीनदा सूचना टाकल्या. ऑनलाइन याचिकांवर किती सह्या केल्या ते मोजलंच नाही. कशाचंच उत्तर आलं नाही. 'युवकांचा सहभाग' हे फक्त भाषणात म्हणायचं असतं का? खासदार व्हायला २५ वर्षं लागतात, तोवर आम्ही काय करायचं? आणि माझं इंग्रजी बेताचंच आहे. मराठीत लिहिलेलं दिल्लीत कोणी वाचतं का?"

माझी मुलगी तुझ्याहून दोनच वर्षांनी मोठी, म्हणून सरळ 'तू' म्हणते. सोलापूर आणि आसपासच्या कॉलेजांत १७ वर्षं मी मुलांबरोबर हेच काम करते आहे. केंद्राचे मसुदे वाचायचे, त्यांवर हरकती-सूचना लिहायच्या, माहिती अधिकाराचे अर्ज करायचे, खासदारांपर्यंत प्रश्न पोहोचवायचे. यात जमलेल्यापेक्षा फसलेलंच जास्त आहे, हे आधीच सांगून ठेवते. त्यामुळे "तरुणाई देश बदलेल" असलं काही माझ्याकडून मिळणार नाही.

सहभाग घ्यावा की नाही हा तुझा प्रश्नच नाही, तो तू घेतेच आहेस. तुझं म्हणणं जाऊन पडतं कुठे, हा खरा प्रश्न आहे. तालुक्याच्या गावात वाढलेल्या माणसाला एक गोष्ट कोणी न शिकवता येते: कचेरीत कागद दिला की त्याची आवक बारनिशीला, म्हणजे आलेल्या कागदांच्या नोंदवहीत, नोंद करून घ्यायची आणि आपल्या प्रतीवर शिक्का घ्यायचा. पोच नाही तर कागद दिलाच नाही. हाच माणूस मोबाइलवर गेला की हे सगळं विसरतो. ऑनलाइन याचिकेवर पाच लाख सह्या झाल्या तरी त्या कोणत्या खात्याच्या कोणत्या फाइलला लागल्या, हे कोणालाच सांगता येत नाही, कारण त्या कुठल्याच फाइलला लागलेल्या नसतात. संसदेच्या नियमांत 'याचिका' हा शब्द आहे, पण ती वेगळी गोष्ट आहे. लोकसभेकडे याचिका द्यायची तर ठरलेला नमुना असतो, खासदाराची प्रतिस्वाक्षरी लागते आणि मग ती याचिका समितीपुढे जाऊ शकते.

दुसरी गोष्ट वेळेची. सरकारात प्रत्येक विषयाची फाइल काही काळ उघडी असते आणि बराच काळ बंद असते. बंद फाइलवर कितीही चांगली सूचना पाठव, ती वाचणाऱ्याला तिचं काय करायचं हेच कळत नाही. मायगव्हचंही तसंच आहे. ते २०१४ पासून आहे आणि मी ते टाकाऊ मानत नाही. पण तिथल्या "नव्या भारतासाठी तुमच्या कल्पना सांगा" या छापाच्या चर्चेला आणि एखाद्या समितीने शेवटची तारीख देऊन मागवलेल्या सूचनांना एका मापाने मोजू नकोस. पहिलीत लिहिलंस तर फार तर प्रशस्तिपत्र मिळेल. दुसरीत लिहिलंस तर निदान ते वाचणं हे कोणाचं तरी काम असतं.

आता कशाचं गणित परिस्थितीवर अवलंबून आहे तेही सांगते. सरकारला विषय घाईत उरकायचा आहे का, तुझा खासदार प्रश्न विचारणारा आहे का, विषय पैशांचा आहे की तत्त्वाचा, यातलं काहीच तुझ्या हातात नाही. केंद्राचं २०१४ चं एक धोरण आहे: विधेयक मंत्रिमंडळापुढे जाण्याआधी त्याचा मसुदा किमान ३० दिवस लोकांसमोर ठेवावा, सोबत सोप्या भाषेत टिपण द्यावं आणि आलेल्या सूचनांचा सारांशही प्रसिद्ध करावा. वाचायला छान आहे. पण ते धोरण आहे, कायदा नाही. पाळलं नाही म्हणून विधेयक अडत नाही. जून २०२० मध्ये शेतीचे अध्यादेश आले तेव्हा असा कुठलाही मसुदा आधी आला नव्हता. संसदेच्या स्थायी समित्यांकडे विधेयक गेलं की त्या वर्तमानपत्रांत जाहिरात देऊन लोकांची निवेदनं मागवतात. पण पंधराव्या लोकसभेत ७१ टक्के विधेयकं समित्यांकडे गेली होती आणि सतराव्या लोकसभेत फक्त १६ टक्के. म्हणजे दरवाजा आहे, पण तो उघडण्याचं प्रमाण घसरलं आहे. ही निराशा नव्हे, हे वेळापत्रक आहे. एसटी कमी झाल्या की आपण स्टँडवर लवकर जातो, तसंच.

आमच्या गटात मी मुलांना कायद्यापेक्षा नियमांकडे बघायला लावते. कायद्यात लिहिलेलं असतं "विहित करण्यात येईल त्याप्रमाणे", आणि ते 'विहित' नंतर नियमांतून येतं. तुझ्या आयुष्याला जे खरंच लागतं, म्हणजे कोणता दाखला, किती दिवस, कोणाची सही, ते सगळं तिथे असतं. जिथे मूळ कायदाच 'पूर्वप्रसिद्धीनंतर' नियम करा म्हणतो, तिथे १८९७ च्या साधारण खंड अधिनियमाचं (जनरल क्लॉजेस ॲक्टचं) कलम २३ लागू होतं: मसुदा आधी प्रसिद्ध करायचा, तारीख द्यायची आणि त्या तारखेआधी आलेल्या हरकती विचारात घ्यायच्या. हे मघाच्या धोरणासारखं मर्जीवर नाही. आणि नियमांच्या मसुद्यावर गर्दीही कमी असते, कारण टीव्हीवर त्याची चर्चा नसते.

एक उदाहरण देते. डिजिटल वैयक्तिक विदा (डेटा) संरक्षणाचा कायदा २०२३ मध्ये झाला. त्यात १८ वर्षांखालचा प्रत्येक जण 'मूल', आणि त्याची माहिती वापरायची तर पालकांची पडताळता येईल अशी संमती हवी. ही पडताळणी करायची कशी, ते नियमांवर सोडलं होतं. ३ जानेवारी २०२५ ला मसुदा आला, मुदत १८ फेब्रुवारीपर्यंत होती, ती पुढे ५ मार्चपर्यंत वाढवली. आमच्या बारावीतल्या एका मुलीने मसुद्यातला नियम १० वाचला आणि विचारलं, "आईकडे स्मार्टफोनच नाही. घरातला फोन मीच चालवते, आईचा ओटीपी मीच वाचते. मग संमती कोणी दिली?" चाळिशीच्या आम्ही तिघी-चौघी तिथे होतो, आमच्या कोणाच्या डोक्यात हे आलं नव्हतं. तरुणांनी यात का असावं याचं माझ्यापुरतं उत्तर तेवढंच आहे. आदर्शवाद, ऊर्जा वगैरे ठीक आहे. काही गोष्टी त्यांना रोज दिसतात आणि आम्हाला दिसत नाहीत, मला ते पुरेसं आहे.

लिहायचं कसं, हे २०२४ च्या उन्हाळ्यातल्या प्रसंगावरून सांगते. लातूरची आहेस, नीटबद्दल तुला मी काय सांगावं! ४ जूनला निकाल लागला आणि गदारोळ उठला. २२ जूनला केंद्राने इस्रोचे माजी अध्यक्ष के. राधाकृष्णन यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. तिला तीन विषय दिले होते: परीक्षेच्या प्रक्रियेत सुधारणा, डेटाची सुरक्षा आणि एनटीएची, म्हणजे नीट घेणाऱ्या केंद्राच्या संस्थेची, रचना व कामकाज. समितीने विद्यार्थी-पालकांकडून मायगव्हवरून सूचना मागवल्या आणि त्यासाठी जेमतेम दहा-अकरा दिवस दिले. आमच्या गटात तेव्हा १४ जणं होती. पहिल्या दिवशी जे आलं ते असं होतं:

"पेपरफुटी थांबलीच पाहिजे. हा लाखो विद्यार्थ्यांच्या भविष्याशी खेळ आहे. दोषींना कठोरात कठोर शिक्षा व्हावी."

मी विचारलं, हे वाचून समितीने अहवालात काय लिहायचं? शिक्षा करणं तर समितीचं कामही नव्हतं. त्यासाठीचा सार्वजनिक परीक्षांचा कायदा २०२४ च्या सुरुवातीलाच संसदेत मंजूर झाला होता आणि समिती नेमण्याच्या आदल्या दिवशी, २१ जूनला, लागूही झाला होता. मग अक्कलकोट तालुक्यातली एक मुलगी म्हणाली, मला वेगळंच लिहायचंय. तिचा कागद शेवटी असा झाला:

"विषय: परीक्षा प्रक्रिया, केंद्रवाटप. अनुभव: एका प्रवेश परीक्षेला मला घरापासून सव्वादोनशे किलोमीटरवरचं केंद्र मिळालं. पसंतीत भरलेल्या शहरांपैकी ते नव्हतं. परीक्षा सकाळची, गावातून शेवटची एसटी आदल्या दिवशी दुपारी. वडील सोबत आले. दोघांचा प्रवास, लॉजची एक रात्र आणि वडिलांचा दोन दिवसांचा रोज धरून २,६०० रुपये गेले. सूचना: पसंतीबाहेरचं केंद्र द्यायचं असेल तर अंतराची कमाल मर्यादा ठरवावी आणि केंद्राचं शहर कळवणं व परीक्षा यांत किमान दिवस किती ते नियमात लिहावं. दुर्गम भागात तालुक्याच्या ठिकाणी सरकारी शाळा वापरता येतील."

फरक बघ. पहिला मजकूर कोणीही, कुठेही बसून लिहू शकतं. दुसरा तिनेच लिहायला हवा होता. त्यात विषय समितीला दिलेल्या तीनांतला आहे, अनुभवात आकडे आहेत आणि सूचना अशी आहे की ती उचलून नियमात ठेवता येईल. तिने हे लिहायला दोन संध्याकाळी घेतल्या. पहिल्या खर्ड्यात वडिलांचा रोज बुडाला हे नव्हतंच. "ते कशाला लिहायचं?" म्हणाली. तेच तर लिहायचं.

समितीच्या शिफारशींत पुढे दुर्गम भागासाठी फिरत्या परीक्षाकेंद्रांचा विषय आला. एनटीएने भरतीच्या परीक्षा सोडून फक्त प्रवेशपरीक्षा घ्याव्यात असंही ठरलं. यातलं काही तिच्या कागदामुळे झालं का? नाही सांगता येत. तसं म्हणणं लबाडी होईल. केंद्रांच्या अंतराबद्दल लिहिणारी ती एकटी नसणार. पण समितीच्या टेबलावर त्या विषयाचा जो गठ्ठा होता, त्यात एक कागद सोलापूर जिल्ह्याचा होता एवढं मी खात्रीने म्हणते.

गठ्ठ्यावरून संख्येचा विषय निघतो. तुम्हा मुलांना वाटतं की जास्त ईमेल म्हणजे जास्त वजन. आम्हीही हे केलं आहे. सुरुवातीच्या वर्षांत एका कॉलेजातून आम्ही एकच मजकूर ६० नावांनी पाठवला आणि पेढे वाटायचेच काय ते बाकी ठेवले होते. पुढे एका निवृत्त अवर सचिवांनी शांतपणे सांगितलं, "बाई, तक्त्यात तो एक मुद्दा होतो. कंसात ६०." २०१५-१६ मध्ये नेट न्यूट्रॅलिटीच्या, म्हणजे इंटरनेटवरच्या सगळ्या मजकुराला सारखी वागणूक मिळावी या वादाच्या, वेळी हे सगळ्या देशाने पाहिलं. मार्च २०१५ मध्ये ट्रायने (दूरसंचार नियामकाने) ११८ पानांचा सल्लामसलत पेपर काढला, त्यात २० प्रश्न होते. काही तरुण स्वयंसेवकांनी एक वेबसाइट उभी करून त्या विसांच्या विसांची तयार उत्तरं दिली, लोकांनी ती बदलून किंवा तशीच पाठवली, आणि २४ एप्रिलपर्यंत दहा लाखांवर ईमेल गेले. मग डिसेंबरमध्ये ट्रायने इंटरनेट डेटाच्या वेगवेगळ्या दरांबद्दल चारच प्रश्न विचारले. या वेळी फेसबुकने आपल्या 'फ्री बेसिक्स'च्या (ठरावीक वेबसाइटच फुकट देणाऱ्या योजनेच्या) बाजूने वापरकर्त्यांकडून लाखोंनी साचेबंद पाठिंबा पाठवून घेतला. ट्रायने स्पष्ट सांगितलं की विचारलेल्या प्रश्नांची उत्तरं त्यात नाहीत आणि सल्लामसलत म्हणजे जनमताची मोजणी नव्हे. ८ फेब्रुवारी २०१६ ला निर्णय आला: मजकुरानुसार वेगळे दर लावायला मनाई. दोन्ही बाजूंचे ईमेल साचेबंदच होते हे खरं. पण एका बाजूने प्रश्नपत्रिका वाचून उत्तरपत्रिका लिहिली होती.

(जाता जाता: २०१५ मध्ये ट्रायने आलेले सगळे ईमेल पाठवणाऱ्यांच्या पत्त्यांसकट वेबसाइटवर टाकले होते. बँकेला जोडलेला ईमेल अशा कामाला वापरू नकोस, वेगळा काढ. संसदीय समितीला पाठवलेलं निवेदन याच्या उलट गोपनीय धरलं जातं. ते समितीच्या दप्तराचा भाग होतं, तू ते इन्स्टाग्रामवर टाकायचं नसतं.)

मग रस्त्यावर उतरायचं की नाही? हा प्रश्न तू विचारला नाहीस, पण दर शिबिरात कोणीतरी विचारतंच. मी 'कागदवाली' असले तरी मोर्चाला नावं ठेवणार नाही. बंद फाइल उघडायला लावण्याची ताकद बहुतेक वेळा रस्त्यावरच असते. डिसेंबर २०१२ मध्ये निर्भया प्रकरणानंतर दिल्लीत तरुण मुलंमुली थंडीत पाण्याचे फवारे खात उभी राहिली म्हणून न्या. जे. एस. वर्मा समिती नेमली गेली. पण समिती नेमल्यावर काय झालं ते कमी लोकांना आठवतं. समितीने सूचना मागवल्या, ८० हजारांच्या आसपास आल्या आणि २९ दिवसांत, २३ जानेवारी २०१३ ला, अहवाल हातात होता. पाठलाग करणं, चोरून बघणं, ॲसिड फेकणं हे त्यानंतर वेगळे गुन्हे झाले. वैवाहिक बलात्काराबद्दलची शिफारस मात्र सरकारने घेतली नाही. रस्त्याने दार उघडलं, कागद आत गेले आणि त्यातले काही परतही आले. एक व्यावहारिक गोष्ट: आंदोलनात गुन्हा दाखल झाला तर सरकारी नोकरीच्या साक्षांकन नमुन्यात तो लिहावा लागतो, आणि लपवणं हे गुन्ह्यापेक्षा महागात पडतं. हे माहीत असून जायचं तर जरूर जा.

इथवरचं थोडक्यात: फाइल उघडी आहे का बघ, विचारलंय तेवढ्याचं उत्तर दे, त्यात स्वतःचा अनुभव आकड्यांसकट घाल आणि पोच ठेव. आता फाइल बंद असते तेव्हा काय करायचं, कारण वर्षातले बहुतेक दिवस ती बंदच असते.

तेव्हा दोन हत्यारं आहेत आणि ती जोडीने चालतात. पहिलं माहिती अधिकार. इथे मुलं एकच चूक करतात: "का?" विचारतात. आमच्या एका गटाने अर्ज केला, "आमची शिष्यवृत्ती अजून का आली नाही?" तीस दिवसांनी एका ओळीचं उत्तर आलं: हे माहितीच्या व्याख्येत बसत नाही. मुलं चिडली, पण उत्तर कायद्याला धरून होतं. मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने २००८ मध्येच म्हटलं आहे की 'का' याचं उत्तर म्हणजे माहिती नव्हे. दप्तरात जे आहे तेच मागता येतं. मग अर्ज बदलला: अमुक वर्षाच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीचे आमच्या कॉलेजचे अर्ज कोणत्या तारखेला पुढे पाठवले, त्या पत्रांच्या प्रती, परत आलेल्या अर्जांची यादी आणि त्यावरचे शेरे. महाराष्ट्रातल्या राज्य कार्यालयाला अर्ज करताना एकच विषय आणि १५० शब्द ही मर्यादा आहे, दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावायचा. प्रती आल्या आणि कळलं की गठ्ठा दिल्लीत नव्हताच, कॉलेज आणि जिल्हा यांच्यामध्ये कुठेतरी चार महिने पडून होता. केंद्राच्या नावाने घोषणा द्यायला निघालेली मुलं एकदम गप्प झाली.

तरी केंद्राचा भाग उरतोच. अनुसूचित जातींच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीत खर्चाची वाटणी ६०:४० आहे. राज्याने आपले ४० टक्के दिले की केंद्राचे ६० टक्के थेट विद्यार्थ्याच्या खात्यावर यायचे असतात. इथे दुसरं हत्यार: खासदार. तुझ्या खासदाराला भेटून "आमच्यासाठी काहीतरी करा" म्हणू नकोस, त्यांच्याकडे असं म्हणणारे रोज दोनशे येतात. त्यांच्या हातात तयार प्रश्न दे. लोकसभेत प्रश्नाला साधारण १५० शब्दांची मर्यादा आहे (बघ, पुन्हा १५०!) आणि किमान १५ दिवस आधी सूचना द्यावी लागते. दिवसाला २० तारांकित आणि २३० अतारांकित प्रश्न लागतात. तू अतारांकितच माग. तोंडी चर्चा होत नाही, पण लेखी उत्तर हमखास मिळतं आणि ते संसदेच्या वेबसाइटवर कायमचं राहतं. नमुना असा: "(क) गेल्या तीन वर्षांत महाराष्ट्रातील किती विद्यार्थ्यांना या शिष्यवृत्तीचा केंद्राचा हिस्सा मिळाला, (ख) किती जणांची रक्कम प्रलंबित आहे, (ग) असल्यास त्याची कारणे काय?" आणि इथे गंमत आहे. माहिती अधिकारात जो 'का' चालत नाही, तो संसदेत चालतो. मंत्र्याला कारण विचारता येतं. म्हणून आधी अर्ज करून कागद गोळा करायचे, मग त्या कागदांवर उभं राहून खासदारामार्फत 'का' विचारायचं. हा क्रम उलटा केला की दोन्हीकडून गुळमुळीत उत्तरं येतात. अधिवेशनाच्या तारखा जाहीर झाल्या की लगेच जा, आणि खुद्द खासदारांपेक्षा त्यांच्या स्वीय सहायकाला आधी गाठ. माझे जे चार-पाच प्रश्न लागले, ते सगळे सहायकांमुळे.

तुझ्या वयाच्या प्रश्नावर फार वेळ घालवत नाही. मतदानाचं वय २१ वरून १८ झालं ते १९८९ मध्ये, ६१ व्या घटनादुरुस्तीने. लोकसभेला २५ आणि राज्यसभेला ३० लागतात हे खरं, पण ग्रामपंचायत, जिल्हा परिषद, नगरपालिका यांना २१ पुरतात, म्हणजे तुला एक वर्ष उरलं. शिकायला दुसऱ्या शहरात असशील तर मतदार यादीतलं नाव तिकडे हलवता येतं, फॉर्म ८ भर. धाकट्या भावंडांना सांग की १७ पूर्ण झाले की आगाऊ अर्ज करता येतो आणि आता वर्षात एक नाही, चार अर्हता दिनांक (१८ पूर्ण झाले का ते ज्या तारखेला मोजतात ते दिवस) आहेत. पदवी झाल्यावर हे काम आतून बघायचं असेल तर पीआरएस या संसदेच्या कामाचा अभ्यास करणाऱ्या संस्थेची लॅम्प फेलोशिप आहे. २०१० पासून दरवर्षी तरुण पदवीधर एकेका खासदाराबरोबर पावसाळी ते अर्थसंकल्पी अधिवेशन काम करतात: प्रश्न लिहिणं, विधेयकांची टिपणं काढणं. युवा संसदेच्या स्पर्धा मला विशेष आवडत नाहीत. त्यात मुलं आवाज चढवायला शिकतात, मसुदा वाचायला नाही. हे माझं मत, अनेकांना पटणार नाही. आपल्याकडे कॉलेजांतल्या थेट निवडणुका नव्वदीच्या दशकापासून बंद आहेत, त्याची भरपाई ब्लेझर घालून होत नाही.

राहता राहिली मराठी. इथे उत्तर जागेनुसार बदलतं. माहिती अधिकाराचा अर्ज मराठीत बिनदिक्कत कर. कलम ६ मध्ये इंग्रजी, हिंदी किंवा अर्ज जिथे करतेस त्या भागाची राजभाषा असं स्पष्ट लिहिलं आहे, म्हणजे सोलापुरातल्या केंद्र सरकारच्या कार्यालयालाही मराठी अर्ज नाकारता येत नाही. संसदीय समित्या मात्र निवेदन हिंदी किंवा इंग्रजीत मागतात. मसुद्यांचं म्हणशील तर २०२० ची गोष्ट आहे. पर्यावरण आघात मूल्यमापनाच्या नव्या अधिसूचनेचा मसुदा टाळेबंदीत फक्त इंग्रजी-हिंदीत आला. कोकणातल्या खाणीजवळच्या किंवा विदर्भातल्या जंगलाकाठच्या माणसाने तो वाचायचा कसा? प्रकरण दिल्ली उच्च न्यायालयात गेलं. न्यायालयाने मुदत ११ ऑगस्टपर्यंत वाढवली आणि घटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या सगळ्या भाषांत भाषांतर करायला सांगितलं. हरकती लाखांनी आल्या, आणि त्या मोहिमेत पुढे होती ती बहुतांशी तुझ्याच वयाची मुलं.

आमच्याकडे त्या वेळी इंग्रजीची भीती असलेला एक मुलगा होता, बार्शीकडचा. त्याला म्हटलं, तू मराठीत लिही, खाली इंग्रजी आम्ही जोडू. त्याने गावच्या ओढ्याबद्दल दीड पान लिहिलं: कोणत्या महिन्यात पाणी असतं, कारखान्याचं पाणी कुठून येऊन मिळतं, विहिरी कधी वास मारतात. भाषांतर करायला बसलो तेव्हा 'ओढ्याला रक्त्या आला' याला इंग्रजीत काय म्हणायचं यावर आम्ही तिघी अर्धा तास अडलो. पाण्यावर लालसर साय धरते, त्याला त्यांच्या वाडीत तसं म्हणतात. शेवटी शब्द तसाच ठेवला, पुढे त्याने सांगितलेलं वर्णन लिहिलं आणि मूळ मराठी पान सोबत जोडलं. ईमेल गेला रात्री पावणेबाराला, मुदत संपायला पंधरा मिनिटं असताना. पोच आली. त्याने तिची प्रिंट काढून घरी लावली आहे. परवा भेटला तेव्हा फाइल कुठे अडली आहे ते मलाच विचारत होता.

तू आधीच्या तीन सूचनांपैकी एक इथे तशीच टाक. ती कोणत्या फाइलची होती ते आपण आधी शोधू.